मृतसाठा

माजलगावात टक्का म्हटलं की धरण.
चहाच्या गाड्यावर, न्हाव्याकडं, बँकेच्या रांगेत
कुणीही कुणालाही विचारतं, किती झालं?
आकडा वाढलेला असला
की सांगणाऱ्याचा आवाज एक पट्टी वर जातो.

मी मात्र टक्का वाढला की घाबरते.
स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या खोलीत
रात्री पावणेबाराला
माझ्यासमोर एक आडवी पट्टी आहे,
निळ्याची लाल झालेली.
शहाण्णव.

मशीन महाप्याला आहे म्हणतात. मी पाहिलेलं नाही.
माझ्या खिडकीतल्या खिडकीत त्याची खिडकी उघडते,
माउस हलवते इथं,
बाण हलतो तिथं, किंचित उशिरानं,
झोपेतून उठवलेल्या पोरासारखा.
आधी काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागत.
इलियास तांबोळी करायचा, दोन बोटांनी, न बघता.
मला चित्रं आहेत. डावीकडं फोल्डरांचं झाड,
उजवीकडं भाकरीसारखा कापलेला गोल साठा.
उजवी टिचकी मारली की यादी लोंबते.
तिच्यात 'जागा वाढवा' राखाडी आहे.
राखाडी म्हणजे साहेबांनी बिल मंजूर केलेलं नाही.

पहाटे चारला कारखान्याचा काटा सुरू होणार.
उसाचा प्रत्येक ट्रॅक्टर, भरलेला एकदा, रिकामा एकदा,
दोन दोन फोटो, अकरा हंगाम.
जागा संपली तर फोटो नाही,
फोटो नाही तर पावती नाही,
आणि गेटापासून पार हमरस्त्यापर्यंत
ट्रॉल्यांची रांग माझ्या नावानं हॉर्न वाजवेल.

काय काढू?
आकारानं लावते. मग तारखेनं लावते.
धरणात एक मृतसाठा असतो,
दाराच्या उंबऱ्याखालचं पाणी.
मोजतात ते, पण कालव्याला येत नाही.
इथंही तळाशी तसंच,
बॅकअपचा बॅकअप, त्याचा 'नवीन', त्याचा 'नवीन शेवटचा',
आणि सगळ्यांच्या खाली,
सात वर्षांत कुणी न उघडलेलं
'इलियास चाचणी'.

निवडते. चौकट विचारते, कायमचं काढायचं?
'होय'कडं निघालेला बाण
अजून वाटेतच असतो
तेव्हा मी त्याला वळवते,
आणि फोल्डर उघडते.

बारा फोटो. रिकामा काटा, हिवाळ्यातली पहाट,
मधोमध मफलर बांधलेला इलियास,
हात शाळेतल्या कवायतीसारखे सरळ.
खालच्या ओळीत,
वाहन: नाही. माल: इलियास.
वजन: साठ किलो.
दुसऱ्यात त्याच्याशेजारी वॉचमन रामकिसन बप्पा.
एकशे तीस.
तिसऱ्यात दोघं हसतायत. वजन तेवढंच.

पन्नास टनांचा काटा, आणि त्यावर हे.
पुढं तो शारजाला गेला,
तिथं काय मोजतो कोण जाणे.
सगळं मिळून नऊ एमबी. काढून काही झालंच नसतं.

पाच बॅकअप काढले.
हिरवी रेघ सरकली, अडली,
मी पाणी पिऊन आले, तरी तिथंच,
मग एकदम संपली. पट्टी निळी.
बहात्तर.
धरणाचा आकडा असा उतरला असता
तर गाड्यावर चहा कुणाला गेला नसता.

सव्वातीनला काट्यावर फोन लावला.
बप्पा, कॅमेरा तपासायचाय. जरा काट्यावर उभे राहता?
"मी? काय करायलात मॅडम, रातीचं?"
राहा हो.
"एकटाच?"

लोखंडावर पावलं वाजली. मग काही नाही.
रिफ्रेश दाबलं, पुन्हा दाबलं,
आणि यादीच्या टोकाला एक फाइल आली.
वाहन: नाही. वजन: साठ.
मालाचा रकाना मोकळा,
कर्सर तिथंच लुकलुकत.